साथीच्या काळातील शासनभाषा : निघोजे-चाकण परिसरातील काही शब्दांचा विचार

रोगाची साथ आली असता शासनाला जी साधने हाती घ्यावी लागतात, त्यांत औषध, रुग्णालय आणि पोलीस यांच्या आधी भाषेचा क्रम लागतो. औषध सापडण्यापूर्वी व खाटा मांडल्या जाण्यापूर्वी आदेश निघतो, आणि आदेश हा शब्दांचाच बनलेला असतो. तो ज्यांच्यासाठी काढला त्यांना कळला नाही, अथवा भलताच कळला, तर त्यामागील वैद्यकीय हेतू कितीही शुद्ध असला तरी त्याचे फळ निराळेच मिळते. २०२० सालच्या कोरोना साथीत महाराष्ट्रात हे विशेष स्पष्टपणे दिसून आले. पुण्यात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने या रोगास जागतिक महामारी ठरविले. १३ मार्चला राज्य शासनाने १८९७ सालचा साथरोग कायदा लागू केला. २३ मार्चला राज्यभर संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. अवघ्या सोळा दिवसांत एवढ्या घडामोडी झाल्या, आणि त्यांच्याबरोबर मराठीत नव्या-जुन्या शब्दांचा एक मोठा लोंढा आला. त्यांतील निवडक शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे. क्षेत्र म्हणून पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे हे गाव व त्याभोवतीचा चाकणचा औद्योगिक पट्टा घेतला आहे.

निघोजे इंद्रायणीच्या उत्तर काठच्या प्रदेशात येते. नदीच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द आणि पलीकडे खेड तालुक्यातील ग्रामपंचायती अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. फोक्सवॅगन व महिंद्र या दोन मोठ्या मोटार कारखान्यांच्या टपाली पत्त्यांत या गावाचे नाव येते. त्यामुळे जगाच्या दृष्टीने जे 'चाकण', त्याचा एक मोठा भाग वस्तुतः निघोज्यात, म्हाळुंग्यात आणि खराबवाडीत आहे. या गावावर शासनाची छत्रे एकाहून अधिक आहेत. महसूल व आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांकडे, आरोग्य जिल्हा परिषदेकडे, उद्योगांची जमीन व सोयी औद्योगिक विकास महामंडळाकडे, आणि कायदा-सुव्यवस्था मात्र १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. साथीच्या काळात हद्दीगणिक नियम बदलत होते. महानगरपालिकेच्या हद्दीत राहून ग्रामीण हद्दीतील कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला नदी ओलांडताच निराळा आदेश लागू होई. अशा ठिकाणी आदेशातील शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेपुरता उरत नाही; त्यावर त्या दिवसाची रोजी अवलंबून असते.

गावाच्या नावाविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेले निघोज निराळे आणि खेड तालुक्यातील निघोजे निराळे. मराठी बोलणाऱ्यास हा भेद शेवटच्या एकारावरून व सामान्यरूपावरून सहज कळतो: 'पुणे' याचे 'पुण्यात' होते तसे 'निघोजे' याचे 'निघोज्यात', 'निघोज' याचे मात्र 'निघोजला' किंवा 'निघोजमध्ये'. परप्रांतातून आलेल्या कामगाराच्या बोलण्यात ही सामान्यरूपे नसल्यामुळे दोन्ही नावे एकमेकांच्या फार जवळ येतात.

आता मुख्य शब्दांकडे वळावयाचे. साथीच्या पहिल्या महिन्यात मराठीत सर्वांत जास्त राबलेला प्रत्ययसदृश घटक म्हणजे '-बंदी' होय. जमावबंदी, संचारबंदी, जिल्हाबंदी, गावबंदी, टाळेबंदी ही सारी त्याचीच कुटुंबे. हा घटक फारसीतून आला. 'बांधणे' या अर्थाच्या ज्या मूळ धातूचा तो वंशज, त्याच धातूपासून संस्कृत 'बंध' निघाला असल्यामुळे मराठीच्या कानाला तो कधी परका वाटला नाही. मात्र त्याचा पूर्वपदाशी असणारा संबंध सर्वत्र सारखा नसतो. 'दारूबंदी'त पूर्वपद हे निषिद्ध वस्तूचे नाव आहे. 'संचारबंदी'त ते निषिद्ध क्रियेचे आहे. 'गावबंदी'त ते स्थळाचे आहे, आणि त्यातही गावात येण्यास बंदी की गावातून जाण्यास, हे शब्द सांगत नाही. २०२० च्या मार्चअखेर महाराष्ट्रातील अनेक गावांनी वेशीवर काट्या, दगड व बैलगाड्या आडव्या लावून स्वतःहून जी गावबंदी केली ती पहिल्या अर्थाची होती. प्रशासनाला अभिप्रेत होता तो दुसरा अर्थ. 'तटबंदी', 'मोर्चेबंदी' या शब्दांत तर निषेध मुळीच नाही. तेथे बांधणी आहे, संरक्षण आहे. वेशीवर काटे लावणाऱ्या गावकऱ्याच्या मनात निषेधापेक्षा तटबंदीचा अर्थ जवळचा होता असे म्हटल्यास चूक होणार नाही.

जमावबंदी व संचारबंदी यांतील भेद कायद्याच्या जाणकारास स्पष्ट होता. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली पाच वा अधिक माणसांनी एकत्र येण्यास मनाई म्हणजे जमावबंदी. घराबाहेर पडण्यासच मनाई म्हणजे संचारबंदी. सामान्य बोलण्यात मात्र 'एकशे चव्वेचाळीस लागले' एवढेच म्हटले जाई, आणि त्यातून एकट्याने दळण आणावयास जावे की न जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

'टाळेबंदी' या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि औद्योगिक पट्ट्यात ती विशेष महत्त्वाची ठरते. इंग्रजी 'लॉकडाऊन' हा शब्द अमेरिकेतील तुरुंगांच्या व्यवहारातून रूढ झाला. कैद्यांना कोठड्यांत बंद ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठी वृत्तपत्रांनी त्यास 'टाळेबंदी' हा प्रतिशब्द योजला आणि तो झपाट्याने रुळला. परंतु हा शब्द रिकामा पडलेला नव्हता. कामगार-मालक संबंधांच्या मराठीत तो अनेक दशके 'लॉकआऊट' या अर्थाने वापरात होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ज्या कृतीची व्याख्या केली आहे, म्हणजे मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे किंवा कामगारांस कामावर ठेवण्यास नकार देणे, तिलाच मराठीत टाळेबंदी म्हणत आले. संपाचे हत्यार कामगाराचे तर टाळेबंदीचे हत्यार मालकाचे. मुंबईच्या गिरणगावापासून पिंपरीच्या कारखान्यांपर्यंत हा अर्थ पक्का झालेला होता. शिवाय रोजच्या मराठीत दाराला लावतात ते 'कुलूप'; 'टाळे' हा शब्द मुख्यतः 'टाळे ठोकणे' या वाक्प्रचारात उरला आहे, आणि टाळे ठोकण्यात नेहमी रोष, जप्ती किंवा जबरदस्ती यांचा वास असतो. (लेखन घाईचे असले की हाच शब्द 'ताळेबंदी' असाही लिहिला जाई. 'ताळेबंद' म्हणजे जमाखर्चाचा हिशेब. त्याचा टाळ्याशी काही संबंध नाही.)

मार्च २०२० मध्ये कारखान्याच्या फाटकावर 'टाळेबंदी' वाचणाऱ्या कामगारापुढे म्हणून दोन अर्थ उभे राहिले. जुन्या अर्थाने पाहिले तर कारखाना मालकाने बंद केला, आणि मग वेतनाचा प्रश्न हा मालक व संघटना यांच्यातील वादाचा विषय. नव्या अर्थाने पाहिले तर तो शासनाने बंद केला. मग वेतन कोणी द्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २९ मार्च २०२० च्या आदेशाने दिले होते. बंदच्या काळात सर्व मालकांनी कामगारांचे वेतन ठरल्या दिवशी कोणतीही कपात न करता द्यावे, आणि स्थलांतरित कामगारांकडून घरमालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये, असे त्यात म्हटले होते. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांतून भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने साऱ्या साथीत याहून महत्त्वाचा कागद दुसरा नव्हता. परंतु त्याचे आयुष्य थोडके ठरले. १८ मेपासून तो अमलात राहिला नाही, आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी वाटाघाटीने तोडगा काढावा असा अंतरिम आदेश दिला. म्हणजे वेतनाचा प्रश्न फिरून वाटाघाटीच्या, मालक-कामगार संबंधाच्या क्षेत्रात आला. शब्दाचा जुना अर्थच जणू न्यायालयाच्या दारातून परत आला. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर वाटाघाट कोणाशी करावयाची हेही स्पष्ट नव्हते, कारण ज्याच्या फाटकातून तो आत जाई तो त्याचा मालक नव्हता आणि जो मालक होता त्याचे फाटक नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा राज्य शासनाने या शब्दाविषयी सावधगिरी बाळगलेली दिसते. १४ एप्रिलपासून लागू झालेले निर्बंध व्यवहारात पुष्कळ कडक होते, तरी त्यांना 'लॉकडाऊन' हे नाव देण्याचे टाळले गेले. 'कडक निर्बंध' हा शब्दप्रयोग पुढे आला व आदेशमालेस 'ब्रेक द चेन' असे इंग्रजी नाव मिळाले. पहिल्या टाळेबंदीचे नाव काढताच रेल्वे स्थानकांवर परत गर्दी होईल ही भीती त्यामागे असावी, आणि ती निराधार नव्हती. याच आदेशात 'अत्यावश्यक' या विशेषणावर सारा भार पडला. जीवनावश्यक वस्तूंचे उत्पादन, ठरावीक निर्यात आणि अखंड प्रक्रियेचे उद्योग यांस मुभा होती. इतरांना कामगारांची राहण्याची सोय आवारात वा स्वतंत्र जागी करून काम चालविता येई. मराठीत 'जीवनावश्यक' हे विशेषण वस्तूंना लागते आणि 'अत्यावश्यक' सेवांना; मोटारीचा सुटा भाग यांपैकी कशात बसतो हे शब्दकोश सांगू शकत नाही. शेवटी ते परवान्यावर ठरे. त्याच दिवसांत चाकण परिसरातील प्राणवायूचे प्रकल्प कारखान्यांकडून रुग्णालयांकडे वळविले गेले. मार्चअखेर उत्पादनाचा ऐंशी टक्के वाटा वैद्यकीय उपयोगासाठी राखून ठेवण्याचा राज्याचा आदेश झाला, आणि २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके अपवाद सोडून उद्योगांचा पुरवठाच थांबविला. येथे मात्र शब्दाचा गोंधळ कोठेच झाला नाही. 'प्राणवायू' हा शब्द अर्थ स्वतःबरोबर घेऊन येतो.

आदेशमालांच्या नावांविषयी बोलताना ३१ मे २०२० च्या 'मिशन बिगिन अगेन' या आदेशाचा उल्लेख अपरिहार्य आहे. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्यासाठी 'पुनश्च हरिॐ' हा शब्दप्रयोग केला. मराठी कानाला तो ताबडतोब ओळखीचा वाटला, कारण लोकमान्य टिळकांनी कारावासानंतर 'केसरी'ची सूत्रे परत हाती घेताना ४ जुलै १८९९ रोजी लिहिलेल्या अग्रलेखाचे ते शीर्षक होय. पण त्या कारावासाची पार्श्वभूमी फार थोड्यांच्या ध्यानात आली. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला १८९७ चा. आणि ते वर्ष पुण्याच्या प्लेगचे होते. ज्या साथरोग कायद्याचा आधार २०२० मध्ये घेतला गेला तो त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला होता. त्याच्या छायेत पुण्यात लष्करी शिपायांकरवी घरझडत्या झाल्या, संशयितांना छावण्यांत नेण्यात आले, आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. गोळी झाडण्याचा कट करणारे चापेकर बंधू चिंचवडचे, म्हणजे आजच्या याच औद्योगिक पट्ट्याच्या मुखाशी असलेल्या गावचे. टाळेबंदी उठविण्याच्या घोषणेस निवडलेला शब्द अशा रीतीने सक्तीच्या आरोग्य-व्यवस्थेविरुद्धच्या संतापाच्या काळातून आला होता. निवड करणाऱ्याच्या मनात हा संबंध होता की नाही हा प्रश्न गौण आहे. शब्द आपला इतिहास विचारून घेत नाहीत.

१८९७ नंतर दोन दशकांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ आली. हिंदुस्थानात तिने घेतलेल्या बळींचा अंदाज सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान केला जातो, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. प्लेगच्या वेळचा अनुभव ताजा असल्याने या वेळी सरकारने सक्तीचे उपाय बहुधा टाळले, आणि मदतीचा बराचसा भार स्वयंसेवकांवर पडला. मराठी खेड्यांनी या रोगाला 'मानमोडी' म्हटले. मान मोडून जाईल असे दुखणे, म्हणून मानमोडी. प्लेगला 'गाठीचा ताप', पटकीला 'पटकी', देवीला 'देवी' अशी नावे लोकांनीच दिली. त्यांत रोगाची खूण किंवा दैवताचा कोप सांगितलेला असतो. २०२० मध्ये प्रथमच रोगाचे नाव रोग खेड्यात पोहोचण्याआधीच पोहोचले, आणि ते जिनिव्हात ठरलेले होते. 'कोविड' कागदावर राहिला; बोलण्यात 'कोरोना' आला. त्याच्या अंत्य आकारामुळे मराठीने त्यास पुल्लिंगी मानले, पण घरचा मानले नाही: 'घोडा' याचे 'घोड्याचा' होते, 'कोरोना' याचे 'कोरोनाचा'च राहिले. 'कोरोन्या' हे रूप केवळ थट्टेत व शिवीत ऐकू येई.

शासनाच्या शब्दांत सर्वांत दुर्दैवी जोडी 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' ही म्हणावी लागेल. वैद्यकात दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यास रोग झाला आहे त्यास इतरांपासून दूर ठेवणे ही एक. ज्यास अद्याप झालेला नाही परंतु होण्याचा संभव आहे त्यास काही दिवस वेगळे ठेवणे ही दुसरी. पश्चिमी भाषांत दुसरीसाठी 'क्वारंटाइन' हा शब्द आहे, आणि तो व्हेनिसच्या बोलीतील चाळीस दिवसांच्या मुदतीवरून आला. मराठीत या दोहोंसाठी एकाच धर्तीचे, केवळ आरंभीच्या अक्षराने भिन्न असे दोन शब्द घडविले गेले, आणि ते परस्परांच्या जागी सर्रास वापरले गेले. कोणी 'गृह अलगीकरण' लिही, कोणी 'गृह विलगीकरण', आणि खेड्यातील माणूस सरळ 'क्वारंटाइन केले' म्हणे. त्याचे म्हणणे अधिक अचूक होते. डाव्या हातावर मारलेला शिक्का हा या क्रियेचा दृश्य भाग. त्याने निरोगी माणूसही गावाच्या डोळ्यांत रोगी ठरे. 'संशयित' या शब्दानेही तेच केले. तो पोलिसांच्या भाषेतून आलेला शब्द. 'संशयित आरोपी' रोज वाचणाऱ्या वाचकाला 'संशयित रुग्ण' म्हणजे काहीतरी लपविणारा माणूस वाटल्यास नवल नाही, आणि ज्याला लपविणारा समजले जाते तो पुढच्या वेळी खरोखरच लपवितो.

'सामाजिक अंतर' या शब्दाबद्दल अधिक कठोरपणे लिहावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द पसंत केला. माणसांतील सामाजिक नाते तुटू नये एवढेच तिला सुचवावयाचे होते. मराठीत या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. ज्या समाजात काही जातींच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, ज्यांना पाणवठ्यापासून अंतरावर ठेवले गेले, तेथे 'सामाजिक अंतर पाळा' हे वाक्य फलकावर लिहिणे म्हणजे एका जुन्या आज्ञेस नवे वैद्यकीय वस्त्र नेसविणे होते. 'सुरक्षित अंतर' हा शब्द हाताशी होता, तो काही ठिकाणी वापरलाही गेला. पण भाषांतराच्या घाईत तो मागे पडला. शहाण्या भाषांतरकाराने एक रात्र विचार केला असता तर हे टळले असते, असे म्हणावयाचा मोह होतो. परंतु त्या पंधरवड्यात भाषांतरकारास रात्र मिळत नव्हती हेही खरे. मूळ आदेश पुष्कळदा इंग्रजीत निघत आणि मराठी पाठ मागाहून येई. मराठी ही राज्याची राजभाषा असल्याचा १९६४ चा अधिनियम असतानाही हे घडले.

चाकण पट्ट्यापुरते पाहिले तर मराठी पाठ आल्यानेही काम पुरे होत नव्हते. येथील कामगारांत मराठवाडा व विदर्भातून आलेल्यांच्या बरोबरीने उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल येथून आलेल्यांची मोठी संख्या आहे. त्यांची समाईक भाषा हिंदी, आणि मराठी-हिंदी या इतक्या जवळच्या भाषा आहेत की त्यांतील फसवे शब्द अधिक धोक्याचे ठरतात. 'साथ' हाच शब्द घ्यावा. संस्कृत 'सार्थ' म्हणजे प्रवाशांचा तांडा. त्यापासून दोन्ही भाषांत 'साथ' आला. मराठीत तो सोबतीचाही झाला आणि सोबतीने पसरणाऱ्या रोगाचाही. हिंदीत केवळ सोबतीचा राहिला. 'साथ पसरत आहे' या वाक्याचा अर्थ बिहारहून आलेल्या माणसास लागत नाही. उलट हिंदीत रोगप्रसाराला 'संक्रमण' म्हणतात. मराठी माणसाला त्यातून मकरसंक्रमण आठवते, कारण त्याचा शब्द 'संसर्ग'. आणि हिंदीत 'संसर्ग' म्हणजे नुसता सहवास.

या फसव्या शब्दांत सर्वांत ठळक उदाहरण लशीचे आहे. मराठीत देवीच्या काळापासून 'लस टोचणे' रूढ आहे. 'लस' म्हणजे व्रणातून पाझरणारा पातळ द्रव, आणि पूर्वी लस खरोखरच तशा द्रवाची असे. हिंदीत त्यास 'टीका' म्हणतात. देशभरातील लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, त्यातील एक प्रमुख लस पुण्यातच, सिरम संस्थेत तयार होत होती, आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली. केंद्राच्या हिंदी प्रचारात 'टीकाकरण', राज्याच्या मराठी प्रचारात 'लसीकरण'. मराठी वाचकाला 'टीका' म्हणजे दोषदर्शन. 'टीका उत्सव' हे शब्द वाचून महाराष्ट्रात जो विनोद झाला तो सहज होता. परंतु हिंदी भाषकाला 'लस' या शब्दावरून काहीच बोध होत नाही, यावर विनोद झाला नाही. दोन्ही भाषकांनी अखेरीस 'व्हॅक्सिन' आणि 'डोस' हे शब्द घेतले.

प्रचारवाक्यांच्या व्याकरणातही एक बदल दिसतो. आरंभी आज्ञार्थ होता: घरी राहा, हात धुवा. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्याने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघर तपासणीची मोहीम चालविली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये 'मी जबाबदार' हे वाक्य पुढे आले. द्वितीय पुरुष जाऊन प्रथम पुरुष आला. सांगणारा आणि ऐकणारा एकच झाला. यात आपुलकी आहे हे मान्य करावयास हवे, आणि आशा सेविका ज्या तळमळीने दारोदार फिरल्या ती या वाक्यामागे उभी होती. पण 'मी जबाबदार' हे वाक्य दहा बाय दहाच्या खोलीत पाचसहा जणांनी पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराच्या तोंडी घातले म्हणजे त्यातील 'मी' फार मोठा आणि 'जबाबदार' फार रिकामा होतो. त्याचे कुटुंब शेकडो कोसांवर होते. आज्ञार्थात निदान आज्ञा देणारा कोणी आहे हे व्याकरणानेच मान्य केलेले असते.

राज्यातील निर्बंध एप्रिल २०२२ च्या आरंभी, गुढीपाडव्याच्या तोंडावर, मागे घेतले गेले. शब्दांपैकी काहींनी लगेच निरोप घेतला: अलगीकरण, विलगीकरण व मुखपट्टी आता क्वचितच वाचावयास मिळतात. 'टाळेबंदी' मात्र दोन अर्थांनी राहिली. २०२० च्या सप्टेंबरात, साथ ऐन भरात असताना, संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत 'लॉकआऊट'ची जुनी व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आली आहे, आणि मराठीत तिच्यासाठी दुसरा शब्द अद्याप कोणी सुचविलेला नाही.